प्रणालीच्या चित्रातलं दार

या ग्रुपवर मी तीन वर्षांपासून आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी नकोशी झाली आहे, हे मला ठाऊक आहे. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजतात, तर खाली "उंदीर पाहिले का?" असं विचारणारी मीच. वारलेल्या सासऱ्यांच्या नंबरवरून फोन आला म्हणणाऱ्या ताईंना "तो नंबर कंपनीनं दुसऱ्याला दिला असेल" असं सांगून त्यांचा राग ओढवून घेणारीही मीच... भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता. खरं तर माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, गॅसवाल्यावर नाही. नवरा म्हणतो, "तुले आरशातली बाई पण कोणी दुसरीच वाटत असन." अशा बाईनं हे लिहिलं आहे, एवढं लक्षात ठेवा आणि वाचा.

आम्ही आदिलाबादचे. चार पिढ्यांपासून इथेच, सगळे नोकरीवाले, घरातलं बोलणं मात्र अजून वऱ्हाडी. मी गुडीहत्नूरजवळच्या एका निवासी मुलींच्या शाळेत अठरा वर्षांपासून ड्रॉइंग टीचर आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, विचारू पण नका. हायवेवरून आत वळलं की दोन्हीकडे कापूस, आणि मग निळ्या गेटची इमारत. ड्रॉइंग रूम खालच्या व्हरांड्याच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या शेजारी. एक दार, एक खिडकी, तिला जाळी. आत एक लोखंडी आलमारी. तिच्या किल्ल्या दोनच. त्यातली एक मध्यंतरी मीच हरवली होती... हो, नक्की हरवली होती, कुणी उचलली नव्हती. मी दोन वर्षं त्याच संशयात काढली, मग ती माझ्याच जुन्या स्वेटरच्या खिशात सापडली. आता दोन्ही पर्समध्ये असतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत आर्ट थेरपी सुरू झाली. ज्या मुलींनी घरात मारहाण पाहिली आहे किंवा सोसली आहे, अशा नऊ मुली निवडल्या होत्या. दर शनिवारी जेवणानंतर दोन तास त्यांनी माझ्याकडे यायचं, चित्रं काढायची. बोलायचं असेल तर बोलायचं, नाही तर नाही. त्यासाठी मला हैदराबादला तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. तिथल्या मॅडमनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली - मुलीच्या चित्राला हात लावायचा नाही. दुरुस्त करायचं नाही. "हे असं का?" म्हणायचं नाही. मी वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

पण अठरा वर्षं मी काय केलं? मुलींना ग्रेड परीक्षेला बसवलं. वाकड्या भिंती सरळ केल्या. माझ्या हातात पेन्सिल आली की तो हात माझं ऐकत नाही.

नऊ जणींत एक होती प्रणाली. सहावीत, अकरा वर्षांची, नार्नूरच्या अलीकडच्या एका गावची. मराठी बोलणारी, म्हणून मुद्दाम माझ्याकडे दिलेली. म्हणजे घरी मराठी बोलत असावी. इथे ती बोलतच नव्हती. तिचा बाप आईला मारायचा. त्यातच आई गेली, बाप जेलमध्ये गेला, आणि मुलगी काकाच्या घरी राहिली. त्यानं जूनमध्ये तिला आमच्या होस्टेलला टाकलं. हाजिरीला ती हात वर करायची, तेवढंच.

पहिल्या शनिवारी मी सांगितलं, "आपलं घर काढा." प्रणालीनं टिनाचं छप्पर काढलं, दोन खिडक्या काढल्या, अंगणात कापसाचा ढीग काढला. एका खिडकीत छोटंसं तोंड. आणि दार काढलंच नाही. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

मी वाकले आणि म्हटलं, "अवो बाई, घराले दार नाही? आत जाशील कशी?" आणि माझ्या पेन्सिलीनं भिंतीच्या मधोमध दार काढून दिलं. अर्धवट उघडं, कडी लावलेलं, सगळं अगदी मापात. ट्रेनिंगमधलं सगळं डोक्यात होतं बरं का, तरी काढलं. प्रणाली माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग तिनं खडू खाली ठेवला आणि उरलेला वेळ मांडीवर हात घेऊन बसली. मला वाटलं, चित्र पूर्ण झालं म्हणून बसली असेल.

पुढच्या शनिवारी फाइल काढली तर दार नव्हतं.

साहजिक आहे, म्हणाल तुम्ही. पेन्सिल होती, कुणीतरी खोडली. मीही तेच म्हटलं. फक्त खोडल्यावर कागद मळतो, त्याची लव निघते, ते मला अठरा वर्षांच्या अनुभवानं लांबूनही दिसतं. इथे कागद कोरा करकरीत होता. कुणीतरी हुशारीनं केलंय, मी मनाशी म्हटलं, आणि लाल बॉलपेननं परत दार काढलं. मागच्या बाजूला तारीख घालून दस्तखत केलं, म्हणजे कुणी कागद बदलला तर कळेल. फाइल आलमारीत, आलमारीला कुलूप, किल्ल्या पर्समध्ये.

शनिवारी दार परत नव्हतं. मागचं दस्तखत जागेवर होतं.

बॉलपेनचा दाब कागदावर राहतो. मी कागद उजेडात तिरका धरला, बोट फिरवलं. प्रणालीच्या खडूच्या रेघा बोटाला लागत होत्या. माझ्या रेघेची खाचसुद्धा नव्हती.

आता माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. ड्रॉइंग रूम झाडायला पोशव्वा येते. आमची आया, पन्नाशीची, एकटी, होस्टेलमध्येच राहणारी. मराठी तिला येत नाही, मला तेलुगू कामापुरती येते. ती मुलींच्या फार मागेपुढे करते, हे मला आधीपासून खटकायचं... इतकं कशाला करायचं? मी तिला आलमारीसमोर उभं करून विचारलं, हे उघडलं का? कुणाला उघडून दिलं का? ती म्हणाली, "नाकु तेल्वदु, टीचर." तिला काही माहीत नाही म्हणे. मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं आणि झाडू घेऊन निघून गेली. त्या दिवसापासून मी स्वतः उभी राहून खोली झाडून घ्यायला लागले. आलमारीच्या फटीत स्वतःचा एक केस चिकटवून ठेवायचे. हसा, हसा. नवराही हसला.

तिसऱ्यांदा मी परमनंट मार्कर वापरला. जाड, काळा. शाई कागदाच्या मागच्या बाजूला उतरली, तेही पाहिलं. आणि मोबाइलवर फोटो काढला. पुढून, मागून. आठ दिवसांनी आलमारी उघडली, केस जागेवर होता. दार नव्हतं. मागे उतरलेले डागही नव्हते. फोटोत मात्र दार आहे. अजून आहे. पण मी तो इथे टाकणार नाही, कारण तुम्ही काय म्हणाल हे मला पाठ आहे - एडिट केलाय. तुमच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

राहता राहिली प्रणाली स्वतः.

त्या शनिवारी मी बाकीच्या मुलींना जाऊ दिलं आणि तिला थांबवलं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मी कागद तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे तू मिटवून राह्यली का? खरं सांग. मी काही म्हणत नाही." तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. मला वाटलं, हाताला शाई नाही हे दाखवतेय. मी हात तपासायला वाकले, तर तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

ती छडीची वाट पाहत होती.

मला माझीच इतकी लाज वाटली की मी नुसतं "जा बेटा" म्हटलं आणि खुर्चीत बसून राहिले. बाहेर व्हरांड्यात पोशव्वा उभी होती. तिनं मुलीला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता प्रणालीच्या काकाबद्दल सांगायला हवं. गजानन त्याचं नाव. चाळिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, हळू बोलणारा. भेटीच्या रविवारी यायचा तर पुतणीपुरतं नाही, सगळ्या होस्टेलला पुरतील एवढे भुट्टे पोत्यात घालून आणायचा. पहिल्याच भेटीत त्यानं माझं माहेर विचारलं, आणि माझ्या मामांचं गाव त्याच्या बायकोच्या माहेराजवळचं निघालं. म्हणाला, "बरं झालं मॅडम, आपल्यातल्या कोणाजवळ पोरगी हाये. आमाले जिवाले घोर नाही." दिवसभर तेलुगू ऐकून कान थकले असताना कुणी असं बोललं की बरं वाटतं. मी त्याला स्टाफरूममध्ये बसवून चहा पाजला. पोशव्वावर मी केस चिकटवून पहारा ठेवत होते, आणि याला साखर किती म्हणून विचारत होते.

दसऱ्याच्या सुट्ट्या आल्या. तेलंगणात त्या लांबलचक असतात, होस्टेल जवळजवळ रिकामं होतं. थेरपीतल्या मुलींना घरी पाठवायचं तर एक फॉर्म होता, आणि त्यावर माझं दस्तखत लागायचं - मुलगी ज्या घरी जात आहे ते घर तिच्यासाठी सुरक्षित आहे, अशी माझी खात्री आहे. सात मुलींचे फॉर्म मी नीट विचारपूस करून भरले. आठव्या मुलीच्या गावी जाऊन आले. प्रणालीचा तेवढा विनाचौकशी बाजूला ठेवला होता. तिथे काय चौकशी करायची? गजानन तर आपला माणूस.

तो सकाळी दहाच्या सुमारास आला, सीताफळांची टोपली घेऊन. मी ड्रॉइंग रूममध्ये होते. थोड्याच वेळापूर्वी मी ते चित्र काढून चौथ्यांदा दार रंगवलं होतं, या वेळी पोस्टर कलरनं. घट्ट तपकिरी रंग, ब्रशनं दोन हात दिले होते. मी ठरवलं होतं की आज नजर हलवायचीच नाही, दिवसभर इथेच बसायचं आणि काय होतं ते पाहायचं. कागद माझ्या डाव्या हाताशी, ओला. माझ्या बोटाला रंग लागलेला.

"मॅडम, दस्तखत झालं की निघतो. उटनूरची गाडी भेटते मग," गजानन म्हणाला. दाराबाहेर प्रणाली पिशवी घेऊन उभी होती. तिच्यामागे पोशव्वा.

मी फॉर्म पुढे ओढला. पेन उघडलं. माझं नाव वैशाली. 'वै' लिहिलं आणि सवयीनं डावीकडे नजर टाकली.

भिंत सलग होती.

रंग पसरला नव्हता, सुकला नव्हता, पुसला नव्हता. नव्हताच. कागद कोरडा. माझ्या आणि त्या कागदाच्या मध्ये कुणी आलं नव्हतं, गजानन टेबलाच्या पलीकडे होता. मी माझं बोट पाहिलं. त्यावर तपकिरी रंग ओला होता. अंगावर काटा येतो म्हणतात ना, मला तसं काही झालं नाही. मला राग आला. कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत मला बनवतंय, असा राग. आणि त्या रागात मी मान वर केली तेव्हा पहिल्यांदाच गजाननकडे तशा नजरेनं पाहिलं, जशी मी बाकी सगळ्या जगाकडे पाहते.

मी म्हटलं, "भाऊ, आज नाही. आधी मी घर पाहून येते म्हणते."

"कशाले तरास मॅडम? आपलंच घर हाये."

"म्हणूनच. आपल्या घरी यायले काय लाजायचं?"

तो हसला. पण हसायला त्याला जरा वेळ लागला, ते मी टिपलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गाडीनं आम्ही इंद्रवेल्ली, उटनूर करत गेलो. प्रणालीला होस्टेललाच ठेवलं होतं. गावात शिरल्यावर चौथं घर. टिनाचं छप्पर, दोन खिडक्या, अंगणात कापसाचा ढीग. पोरीनं हुबेहूब काढलं होतं. फक्त खऱ्या घराला पुढे दार होतं, चांगलं रंगवलेलं. मला एकदम हायसं वाटलं. बघ, म्हटलं, उगाच संशय घेतला माणसावर.

अंगणात विटांवर एक रुंद फळी टाकली होती, त्यावर आम्हाला बसवलं. गजाननच्या बायकोनं चहा आणला. पंचविशीची असेल, मान वर न करणारी. आम्ही पाऊसपाण्याचं बोललो, मामांच्या गावाचं बोललो. मग मी सहज विचारलं, प्रणाली झोपते कुठे? गजाननानं मला घराच्या बाजूला नेलं. तिथे लागूनच एक छोटी खोली होती. खिडकी होती. चौकट होती. चौकटीला बिजागऱ्या होत्या. दार नव्हतं.

"दार?" मी विचारलं.

"काढून टाकलं," गजानन म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "पोरगी आतून कडी लावून बसे मॅडम. कितीक आवाज द्या, उघडे नाही. वळण लावाले गेलं की पळाली आत, लावली कडी. मग म्या एक दिवस दारच काढलं. आता येते सरळ."

आम्ही अंगणात परत आलो. नवरा अजून त्या फळीवर बसून चहा पीत होता. त्याच्या पायाशी, फळीच्या कडेला, एक लोखंडी कडी लोंबत होती.

आम्ही त्या दारावर बसून चहा प्यालो होतो.

निघताना गजाननची बायको कप उचलायला आली. कप माझ्या हातातून घेताना, खाली पाहतच, ओठ न हलवता म्हणाली, "तिले तिथंच राहू द्या. नका पाठवू." मी वर पाहिलं तोवर ती चुलीशी गेलेली होती.

फॉर्म मी भरला नाही. सगळं लिहून वर पाठवलं, बालकल्याण समितीपुढे दोनदा जबाब दिला. प्रणालीचं काकाकडे जाणं बंद झालं. गजानन एकदा शाळेत येऊन गेला, या वेळी रिकाम्या हातानं. मी आपल्याच माणसाचा गळा कापला म्हणे. बरीच नावंही ठेवली. त्याच्या बायकोबद्दलही मी जबाबात सांगितलं आहे. तिचं पुढे काय झालं ते मला कळू शकलं नाही आणि त्याचा घोर अजून जात नाही. सुट्ट्यांमध्ये प्रणाली होस्टेललाच राहिली, पोशव्वाच्या खोलीत. मी पोशव्वाची माफी मागितली, माझ्या मोडक्या तेलुगूत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खोली आता तुम्ही झाडता की मी?

चित्राचं म्हणाल तर, मी सगळं तपासलं आहे. तोच रंग दुसऱ्या कागदावर लावून पाहिला, आहे तसा आहे. तोच मार्कर, तेच बॉलपेन, सगळं आहे. तोच कागद, उलट्या बाजूला काढलेल्या रेघाही आहेत. बाकी आठ मुलींच्या चित्रांत मी जे जे सुधारलं (हो, त्यांचंही सुधारलं होतं, मग सगळ्यांना तसं सांगून टाकलं) तेही सगळं तसंच आहे. फक्त या एका भिंतीवर माझं काही टिकलं नाही. प्रणालीच्या आईचं नाव कुणी मनात आणेल, मी आणत नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं.

प्रणाली आता बोलते. फार नाही, पण बोलते. गेल्या महिन्यात एका शनिवारी ती एकटीच मागे राहिली होती, रंगवत. मी तिच्यासमोर बसले. माझा स्वभाव काही जात नाही... मी हळूच विचारलं, "प्रणाली, राग नको मानू. ते दार कोण मिटवत होतं, तुले माहीत हाये?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून. ब्रश धुतला, पाणी झटकलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पण टीचर, तुमी काढलं काऊन?"

का काढलं? चार वेळा काढलं होतं मी. तिनं एकदाच सांगितलेलं खरं मी चार वेळा झाकलं होतं. दार कुणी मिटवलं, ते तुमच्यापैकी कुणाला कळलं तर खाली लिहा, उंदीर-बिंदीर काहीही चालेल, मी वाद घालणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं, आणि ते मला तिच्या तोंडाकडे पाहून सांगता आलं नाही.